फॅन लागला की आकडा पळतो

रविवार, रात्री. हात अजून ग्रीसनं काळे आहेत पण आत्ताच लिहून ठेवतो, उद्यापर्यंत अर्धं विसरून जाईन.

गेले काही आठवडे गाडीत एक विचित्र प्रकार चालू होता. डॅशवरच्या वाइडबँड गेजवर, म्हणजे सायलेन्सरमधल्या ऑक्सिजन सेन्सरवरून एक भाग पेट्रोलला वजनानं किती भाग हवा जातेय ते दाखवणाऱ्या मीटरवर, १४.७ आणि त्याच क्षणी लॅपटॉपवर ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, दाखवतोय १५.१. सेन्सर एकच, सायलेन्सर पाइप एकच, हवा तीच आणि आकडे दोन. बरं फरक कायम असता तरी समजलं असतं, पण सकाळी थंड इंजिनवर दोघं जवळजवळ जुळायचे आणि सीताबर्डीच्या सिग्नलवर पोचेपर्यंत भांडायला लागायचे. ऍव्हरेजपण पडलं होतं.

ज्याला विचारलं त्यानं एकच सांगितलं, भाऊ सेन्सर गेला, नवीन टाक. आपल्याकडे ही सवयच झाली आहे, आकडा चुकला की सेन्सर बदला, आणि वाइडबँड काही शंभर-दोनशेची वस्तू नाही, हजारोंत जातो. म्हणून मी ठरवलं की त्याला आधी पूर्ण तपासायचा, मग काय ते.

माझ्याकडे बॉशचा एलएसयू ४.९ आहे. जुना साधा ऑक्सिजन सेन्सर, जो बॉशनं १९७६ साली गाड्यांसाठी आणला, तो फक्त रिच (पेट्रोल जास्त) की लीन (पेट्रोल कमी) एवढंच सांगतो, मधलं काही नाही. वाइडबँडमध्ये दोन सेल असतात. एक मोजणारा, दुसरा ऑक्सिजन आत-बाहेर ढकलणारा पंप, आणि मोजणाऱ्या सेलवर ४५० मिलिव्होल्ट टिकवायला पंपाला किती करंट द्यावा लागतो त्यावरून मिक्चर कळतं. हे सगळं चालायला आतला हीटर सिरॅमिकला साधारण ७८० डिग्रीवर धरून ठेवतो. त्यामुळे हीटर बंद ठेवून तो पाइपात नुसता लावून गाडी चालवली तर काजळी धरून खराब होतो, आणि थंड पाइपातलं पाणी तापलेल्या सिरॅमिकवर पडलं तर तडा जातो. टोक खाली आणि वायरची बाजू वर असं तिरकं बसवतात ते याचसाठी.

बाविसचा पाना लावून काढला, मोकळ्या हवेत धरला, कंट्रोलरनं (सेन्सर चालवून त्याचा आकडा ईसीयूला पाठवणारा डबा) २०.९ टक्के ऑक्सिजन दाखवला, हवेत असतो तेवढाच. इथेच माझा अर्धा संशय गेला. मग मॅनिफोल्डची गॅस्केट पाहिली, कारण सेन्सरच्या आधी कुठे लीकेज असेल तर आयडलला बाहेरची हवा आत ओढली जाते आणि मिक्चर खोटं लीन दिसतं, रेस केली की ते कमी होतं. मिसफायर असला तरी तसंच, न जळलेला ऑक्सिजन तसाच बाहेर येतो आणि सेन्सर म्हणतो लीन. पण माझ्या गाडीत रेसशी काही संबंधच लागत नव्हता.

शेजारच्या काकांचं म्हणणं होतं की पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळून राहिले त्यामुळे. मी त्यांना समजावून सांगितलं की ई२० ला (वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला) पूर्ण जळायला १४.७ नाही तर साधारण १३.५ च्या आसपास प्रमाण लागतं हे खरं, पण सेन्सर मोजतो लॅम्डा (पूर्ण जळायला लागते त्याच्या किती पट हवा आहे ते) आणि गेज त्याला सरळ १४.७ नं गुणतो. म्हणजे इथेनॉलमुळे मिक्चर लीन झालं तर ते गेजवरही दिसेल नि लॅपटॉपवरही. दोघांत फूट पेट्रोल पाडू शकत नाही! फूट पडते ती कंट्रोलरपासून ईसीयूपर्यंतच्या वायरमध्ये.

आज दुपारी ऑटोमोटिव्ह चौकाजवळच्या वायरिंगवाल्या काकांकडे गेलो, बाहेर ऊन असं की बॉनेटला हात लावायची सोय नाही. मी सगळं सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सेन्सरले काऊन मारून राहिला रे, आधी अर्थिंग पाह्य." मल्टिमीटरची लाल पिन कंट्रोलरच्या अर्थिंगच्या थिंबलवर, काळी पिन ईसीयूच्या अर्थिंगवर, इंजिन चालू. ०.०२ व्होल्ट. "थांब आता," ते म्हणाले. रेडिएटरचा फॅन खट्टकन लागला आणि मीटर ०.२ वर. फॅन बंद, परत खाली. एसी लावला, परत वर. आम्ही दोघं मीटरकडे नुसते पाहतच राहिलो, इतका आनंद मला गाडीच्या कामात फार दिवसांनी झाला.

हिशोब असा. कंट्रोलर मिक्चरचा आकडा व्होल्टमध्ये पाठवतो, ० म्हणजे १० आणि ५ म्हणजे २०, म्हणजे एका व्होल्टला दोन. ०.२ व्होल्ट वाढले की आकडा ०.४ नं वाढला, १४.७ चे १५.१. कंट्रोलरचं अर्थिंग होतं बॉडीला, ईसीयूचं इंजिनच्या हेडवर, आणि बॅटरीपासून बॉडीला जाणारी पट्टी गंजलेली. फॅनचा सगळा करंट त्या गंजातून परत जाताना बॉडीच ०.२ व्होल्टनं वर उचलली जायची. ईसीयूला वाटायचं लीन आहे, तो पेट्रोल वाढवायचा, ऍव्हरेज तिथेच जात होतं. आणि नागपूरच्या मे महिन्यात फॅन बंद असतो तरी कधी, म्हणून तर फरक दिवसभर टिकून राहायचा आणि फक्त पहाटे गायब व्हायचा.

माझ्या बाबतीत चूक रिचच्या बाजूला होती. पण अर्थिंग उलटं असतं, ईसीयूचं बॉडीला आणि कंट्रोलरचं इंजिनला, तर लॅपटॉप रिच दाखवला असता आणि खरं मिक्चर लीन राहिलं असतं. ४५ डिग्रीत फुल थ्रॉटलला लीन म्हणजे नॉकिंग (मिक्चर आपोआप पेटून ठोके बसणं), म्हणजे पिस्टन गेला. एवढ्यासाठी तरी ट्यूनिंगला बसायच्या आधी प्रत्येकानं फॅन, एसी, हेडलाइट सगळं लावून ही मापणी करावी असं मला मनापासून वाटतं. मल्टिमीटर कोणत्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो.

पट्टी काढून दोन्ही टोकं पॉलिश पेपरनं पांढरी होईपर्यंत घासली, बोल्टखालचा रंगही खरवडला, व्हॅसलीन लावून कसली. कंट्रोलरचं सिग्नलचं अर्थिंग ईसीयूच्याच बोल्टवर नेलं. हीटरचं वेगळं ठेवलं, कारण हीटर झटक्याझटक्यानं मोठा करंट ओढतो, तो सिग्नलच्या वायरमध्ये नको. कॅनवरून (गाडीतली डिजिटल डेटा लाइन) आकडा पाठवणाऱ्या कंट्रोलरला ही कटकटच नसते, तिथे व्होल्ट नाही, सरळ अंकच जातो. पुढेमागे तसा घेईन, पण आत्ता याची गरज नाही.

काकांनी मजुरी घ्यायला नाही म्हटलं, मी जबरदस्तीनं खिशात टाकली. घरी येताना फॅन, एसी, हेडलाइट सगळं चालू ठेवलं, गेज १४.७ आणि लॅपटॉप १४.७, मधूनच ०.०५ चा फरक, तो सॉफ्टवेअरमध्ये स्केल टाकून निघेल. आता आधी चुकीच्या आकड्यावर बनलेला फ्युएल मॅप (कधी किती पेट्रोल सोडायचं त्याचा तक्ता) परत बसवावा लागेल. उद्या सकाळी लवकर निघून वर्धा रोडनं बुटीबोरीपर्यंत जाऊन लॉग घेतो, येताना ऊन चढलं की तोच रस्ता एसी लावून.