जर्सीच्या खिशातली मेथी

पहाटे सायकल घराबाहेर काढताना सगळ्यात जास्त आवाज होतो तो मागच्या चाकाचा. पायडल न मारता नुसती ढकलली की ते टिकटिक टिकटिक सुरू होतं. दिवसा रस्त्यावर हाच आवाज कानाला गोड लागतो, पण पावणेपाचला हॉलमध्ये सासूबाई झोपल्यात, आतल्या खोलीत दोन पोरं आडवीतिडवी पडलीत, नवरा रात्री साडेअकराला शिफ्ट संपवून आलाय आणि आपण चोरासारखं दाराकडे निघालोय, तेव्हा तो आवाज म्हणजे कुणीतरी स्टीलच्या डब्यात फुटाणे हलवतंय असं वाटतं. त्यात गंमत अशी की भारीतले हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, बऱ्याचदा जास्तच वाजतात, म्हणजे चार पैसे जास्त मोजून आपण पोरगं उठवायची सोय करून घेतो. मग एका हातात हँडल, दुसऱ्या हातानं सीट धरून मागचं चाक अधांतरी उचलायचं, बूट पिशवीत, ते खाली पार्किंगमध्येच घालायचे कारण तळव्याचे क्लीट, पायडलमध्ये अडकतात ते, फरशीवर घोड्यासारखे वाजतात. दाराच्या कडीला मी सायकलच्या चेनचं तेल घालून ठेवलंय. चेनला कधी कधी विसरते, कडीला नाही.

आमच्याकडे माझी सायकल कंपनीच्या शिफ्टवर चालते. कंपनी नवऱ्याची, नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत, आणि शिफ्ट दर आठवड्याला बदलते. फर्स्ट असली की तो सव्वासहाला घर सोडतो, म्हणजे मी सहाच्या आत घरात पाहिजे, म्हणजे गंगापूर रोडला अंधारात एक चक्कर आणि घर. थर्ड असली तर विषयच संपला, तो येतो साडेसातला आणि लेकीची स्कूल व्हॅन येते सात दहाला. सेकंड शिफ्टचा आठवडा म्हणजे माझी दिवाळी, तो सकाळी घरात असतो, झोपलेला का असेना पण असतो. सासूबाई आहेत, पण त्यांच्या गुडघ्यांना अडीच वर्षांचं पळतं पोरगं झेपत नाही आणि तो उठला की त्याला आम्हा दोघांपैकी एक लागतंच, आज्जी चालत नाही, आज्जी फक्त गोष्टीला चालते. व्हॅनवाले काका दोन हॉर्न देतात, तिसरा देत नाहीत. सायकलच्या ग्रुपमधले लोक विचारतात तुझा ॲव्हरेज स्पीड कसा वाढला गं, कुठला प्लॅन फॉलो करतेस. कसला प्लॅन, दुसऱ्या हॉर्नची भीती.

सायकलचं खूळ तसं लग्नाआधीचं. २०१५ साली इथल्याच डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी अमेरिकेतली रॅम पूर्ण केली, म्हणजे रेस अॅक्रॉस अमेरिका, एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत साधारण ४८०० किलोमीटर, दोघांनी आळीपाळीनं. तेव्हा ज्याला त्याला वाटायला लागलं की आपणही निदान त्र्यंबकपर्यंत तरी जाऊन यावं. मी त्याच लाटेतली. त्र्यंबक झालं, सापुतारा झाला, मग लग्न झालं, मग लेक झाली, मग कोविड, मग लेक. (म्हणजे मुलगा. मराठीत हे एक बरंय, लेक म्हटलं की दोन्ही खपून जातात.) मधली तीनचार वर्षं सायकल गॅलरीत उभी होती आणि तिच्यावर दुपटी वाळत होती, हँडलला लंगोट, वरच्या दांड्यावर झबली. एकदा तर मीच तिला शोधत होते.

परत सुरू केलं तेव्हा धाकटा आठ महिन्यांचा होता आणि अंगावर पीत होता. हे कुणी लिहीत नाही म्हणून लिहिते, तेव्हा माझं घड्याळ मनगटावर नव्हतं. दीड तास झाला की शरीरच सांगायचं चला घरी. सोमेश्वरच्या पुढे जाऊन परत फिरायचं, रस्ता पुढे इतका छान मोकळा दिसतोय, धरणाकडून गार वारा येतोय आणि आपण यू टर्न मारतोय. चिडचिड व्हायची. घरी पोचल्यावर तो हात पुढे करायचा, चिडचिड जायची, दुसऱ्या दिवशी त्याच वळणावर परत यायची.

सासूबाईंचा विरोध नव्हता, पण पाठिंबाही नव्हता. त्यांचा प्रश्न साधा होता, "अगं पण जायचं कुठे असतं?" कुठेच नाही, जाऊन परत यायचं, हे त्यांना काही केल्या पटेना. ज्या बाईनं आयुष्यभर एका फेरीत चार कामं उरकली तिला बिनकामाची चाळीस किलोमीटरची फेरी पटावी कशी. मग एकदा गोवर्धन, दुगाव करत गिरणाऱ्यापर्यंत गेले होते, तिथे टोमॅटोचे क्रेट भरलेल्या पिकअपची रांग लागलेली आणि कडेला एक मावशी मेथी घेऊन बसलेल्या, पानांवर अजून दव होतं. घेतली एक जुडी. सायकलच्या जर्सीला पाठीवर तीन खिसे असतात, एकात फोन, एकात ट्यूब आणि टायर काढायचे चमचे, तिसऱ्यात मेथी, अर्धी बाहेर. मागून बघणाऱ्याला वाटलं असेल पाठीतून झाड उगवलंय. घरी आल्यावर सासूबाईंनी जुडी हातात घेतली, देठ मोडून बघितला आणि म्हणाल्या, "ताजी आहे हो." झालं. त्या दिवसापासून शेजारच्या काकूंनी विचारलं की उत्तर ठरलेलं, "सायकलवर गेलीये, भाजी आणायला." चाळीस किलोमीटर भाजीसाठी! पण काकूंनाही ते पटतं. आता तर ऑर्डरी येतात, "त्या बाजूला जाणार असशील तर कोवळी गवार बघ." एकदा दुधी सांगितला होता. दुधी जर्सीत बसत नाही, मी प्रयत्न केलाय.

ग्रुपमध्ये आम्ही पंधरावीस जण असतो, रविवारी राईडचा शेवट मिसळीवर होतो, खरं सांगायचं तर काही लोकांची राईड मिसळीपासूनच सुरू होते. तिथे दर रविवारी मला कुणीतरी विचारतंच, "मुलं कुणाकडे?" प्रेमानं विचारतात, त्यात वाईट काही नाही. पण माझ्या समोर बसून दुसऱ्यांदा रस्सा मागणाऱ्याच्या घरी जुळी आहेत चार वर्षांची, त्याला कुणी विचारत नाही. एकदा मीच विचारलं, "मुलं कुणाकडे रे?" तो पापड मोडता मोडता थांबला, क्षणभर खरंच आठवत होता. मग म्हणाला, "असतील की घरी."

नवऱ्याशी भांडण एकदाच मोठं झालं. मी गिरणाऱ्याहून घामेजलेली, खुशीत, काय धुकं होतं वगैरे सांगत आत आले, तर हा कडेवर एक, एका हातात दुसरीची वेणी, तोंडात रबरबँड. रबरबँड काढून म्हणाला, "तू येतेस तेव्हा फ्रेश असतेस, मी दमलेला असतो, आणि दिवस अजून सुरूसुद्धा झालेला नसतो." मी सीएच्या ऑफिसात काम करते, जमा-नावे दिवसभर बघते, पण ही एंट्री माझ्या वहीत नव्हती. माझे दोन तास हे मी लवकर उठून कमावलेले आहेत अशी माझी ठाम समजूत होती. त्यातला निम्मा भाग त्याच्या झोपेतून कापलेला होता, आणि मी तो वेळ "माझा" म्हणून मिरवत होते. उत्तर काही सुचलं नाही, वेणी तेवढी हातात घेतली. तेव्हापासून एक ठरलंय, सायकल भिंतीला टेकली की आधी पोरगं हातात, मग हेल्मेट काढायचं, स्ट्राव्हा, म्हणजे राईडची नोंद ठेवणारं ॲप, बघायचं तर आंघोळी उरकल्यावर. परिणाम असा की धाकट्याला वाटतं हेल्मेट हा आईच्या डोक्याचाच भाग आहे आणि हनुवटीखालचं बक्कल दाबलं की आई सुटी होते.

आणि मग मागच्या हिवाळ्यात मी २०० ची बीआरएम केली, म्हणजे ठरलेल्या वेळेत संपवायची लांब पल्ल्याची राईड. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, यात नंबर नसतो, दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत संपवायचे, मध्ये ठरलेल्या ठिकाणी कार्डावर शिक्का घ्यायचा, बस. ३०० ला वीस तास, ४०० ला सत्तावीस, ६०० ला चाळीस. लोक म्हणतात दोनशे किलोमीटर! मला किलोमीटरची भीती नव्हती, साडेतेरा तासांची होती. साडेतेरा तास सलग मी पोरांपासून लांब राहिले नव्हते, ऑफिसातही नऊच तास होतात. त्यासाठी महिनाभर उधारी गोळा केली, नवऱ्याच्या मित्राच्या हळदीला त्याला एकट्याला रात्रभर सोडलं, नणंदेला रविवारी बोलावून ठेवलं, डबे भरून लेबलं लावली. सहाला सुटलो. मुंबई-आग्रा हायवेनं पिंपळगाव, चांदवड, राहुडचा घाट उतरून मालेगावच्या अलीकडून परत. कांद्याचे ट्रक शेजारून जाताना वास आणि वारा दोन्ही अंगावर घेत. जाताना जो घाट मजेत उतरलो तोच येताना चढायचा असतो हे डोक्याला माहीत असतं, मांड्यांना तेव्हाच कळतं. तिथे, चढाच्या मध्यावर, फोन वाजला. नवरा. माझ्या पोटात खड्डा. पाय टेकला, ग्लोव्ह दातानं ओढून काढला, फोन घेतला.

"अगं, तो निळा डबा कुठंय?"

"कुठला निळा?"

मागून लेक ओरडली, "टिकल्यांचा!" शाळेचा प्रोजेक्ट होता, सोमवारी द्यायचा, आणि त्यावर चिकटवायच्या टिकल्या निळ्या डब्यात. घरात चार माणसं आणि मी घाटात, तरी डबा मलाच माहीत. दिवाणातल्या कप्प्यात, जुन्या पडद्यांच्या खाली. सांगितलं. तिकडून "सापडला!" अशी आरोळी आली आणि फोन कट. कशी आहेस, किती राहिले, काही नाही. मी तिथेच उभी राहून एकटीच हसत होते, मागून येणाऱ्या काकांना वाटलं उन्हाचा त्रास झाला, त्यांनी इलेक्ट्रॉल पुढे केलं. बारा तास चाळीस मिनिटांत संपवली. तेव्हा रॅमवाल्यांची आठवण झाली, त्यांच्यामागे गाडीत अख्खा क्रू असतो, खाणं देणारा, रस्ता सांगणारा, चाक बदलणारा. माझाही क्रू होता, फक्त उलटा होता, मीच त्याला रस्ता सांगत होते.

ग्रुपमधले दोघं २०२३ ला पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिसला जायचं म्हणून दोन वर्षं झटत होते, फ्रान्समधली अशीच राईड, १२०० किलोमीटर, नव्वद तास, चार वर्षांतून एकदा. आता विचारतात २०२७ ला येणार का. २०२७ ला इथे सिंहस्थ आहे, घरी पाहुणे किती येतील याचा हिशोब सासूबाईंनी आत्ताच मांडायला घेतलाय. बघू.

सध्या लेकीचं चालू आहे. तिची सोळा इंची सायकल, बाजूच्या छोट्या चाकांवर ती दोन वर्षं हिंडली, ती चाकं काढली की रडारड. मग कुणीतरी सांगितलं बाजूच्या चाकांबरोबर पायडलही काढ, सीट खाली कर, पायानं ढकलत जाऊ दे, तोल आपोआप येतो. हे काही नवीन नाही, जर्मनीत कार्ल ड्राईस नावाच्या माणसानं १८१७ साली जी दुचाकी काढली तिला पायडल नव्हतंच, मोठमोठी माणसं अशीच जमिनीला पाय मारत जायची. आधी तोल, पायडल नंतर. तर मी पंधरा नंबरचा पाना घेऊन बसले. उजवं पायडल निघालं. डावं वीस मिनिटं निघेना, शेवटी पान्यावर उभी राहिले, तरी ढिम्म नाही. नवरा फर्स्ट शिफ्ट करून आला, बूट न काढता खाली बसला, पाना उलट्या बाजूला फिरवला आणि पायडल माझ्या हातात दिलं. "डाव्याला उलटे आटे असतात," एवढंच. म्हणजे मी वीस मिनिटं ते आवळत होते. दोनशेची बीआरएम करणारी बाई. लेक आता कॉलनीच्या उतारावरून दोन्ही पाय वर घेऊन जाते आणि जाताना माझ्याकडे बघत नाही, हे मला फार आवडतं आणि जरा लागतंही.

धाकट्यासाठी मागे सीट बसवलीये, बेल्टवाली. संध्याकाळी दूध आणायला आम्ही दोघं जातो, त्याचं हिरवं हेल्मेट, तोंडानं सतत भुर्रर्र. डेअरी पाच मिनिटांवर. येताना भुर्रर्र हळूहळू बारीक होत जातं आणि मग पाठीत टक्क लागतं, त्याचं हेल्मेट. मान डुलायला लागली. एक हात मागे नेऊन मान सावरायची आणि चालवत राहायचं, कारण थांबलं की तो उठतो. घराखालून जाताना वर बघितलं, सासूबाई गॅलरीत. त्यांनी हातानं विचारलं, झोपला? मी मान हलवली. त्यांनी बोट हवेत गोल फिरवलं, अजून एक चक्कर मार. कॉलनीला वळसा घालायला पावणेदोन मिनिटं लागतात. कोपऱ्यावरच्या उताराला मी पायडल थांबवते, मागचं चाक टिकटिक टिकटिक करायला लागतं आणि तो अजून गाढ झोपतो. पहाटे ह्याच आवाजानं उठतो हा! हँडलला दुधाची पिशवी, आत्तापर्यंत कोमट झाली असेल. ही सातवी चक्कर, आणि गॅलरीतलं बोट अजून फिरतंय.