बाळ रडलं तर रडू दे की

काल चर्चमध्ये उपासना चालू असताना पुढच्या बाकावरचं एक बाळ रडायला लागलं आणि त्याची आई बिचारी दुपटं, दुधाची बाटली, पर्स सगळं एका हातात कोंबून उठायला लागली, तर मी तिचा हात धरला आणि म्हटलं बस गं, रडू दे त्याला. तिच्या डोळ्यात एकदम पाणीच आलं. का आलं ते मला चांगलं माहितीय.

माझा मुलगा आठ महिन्यांचा असताना नवऱ्याच्या बदलीमुळे आम्ही मिरजेहून वास्कोला आलो. तेव्हा ज्या चर्चला जायचो तिथे एकदा पाळकांचा संदेश, म्हणजे प्रवचन, चालू असताना हा जोरात किंचाळला, तर एकजण जवळ येऊन हळूच म्हणाले, ताई, बाहेर घेऊन जाता का, लोकांना डिस्टर्ब होतंय. बोलले अगदी नीट, पण त्यानंतर चार महिने मी व्हरांड्यातच, स्कूटरी बघत उभी, गाणी खिडकीतून ऐकायची आणि प्रभुभोजनाच्या वेळी बाळ नवऱ्याकडे देऊन आत पळायचं. मग एका रविवारी गेलेच नाही. कुणाचा फोनही आला नाही.

बायबलमधल्या मार्कच्या दहाव्या अध्यायातली गोष्ट आपण संडेस्कूलमध्ये पोरांना रंगवायला देतो, पण ती खरंतर मोठ्यांनी वाचायची आहे. लोक बाळांना येशूकडे घेऊन आले तेव्हा त्यांना दटावणारे बाहेरचे कुणी नव्हते हो, त्याचे स्वतःचे शिष्य होते! तो त्यांच्यावर रागावला, आणि मग पोरांना नुसतं येऊ दिलं नाही तर कवेत घेतलं, डोक्यावर हात ठेवले. त्यातलं एखादं नक्की रडत असणार.

आणि आपण राहतो गोव्यात. १५४२ साली धर्मप्रचारक फ्रान्सिस झेवियर इथे आला तेव्हा हातात घंटा घेऊन रस्त्यांतून फिरायचा आणि धर्म शिकवायला पोरं गोळा करायचा. ख्रिस्तपुराण लिहिणाऱ्या थॉमस स्टीफन्सनी कोकणीत दोत्रीनही, म्हणजे ख्रिस्ती शिकवणीची पोथी, लिहिली, गोव्यातल्याच रायतूरला १६२२ मध्ये छापलेली, सगळी प्रश्नोत्तरांत, म्हणजे शिकणाऱ्याने तोंडाने बोलायचं असं. आमच्या शेजारच्या कॅथलिक वहिनींच्या मुलीचं पहिलं कोमुन्यांव, म्हणजे पहिल्यांदा प्रभुभोजन घेणं, झालं तेव्हा ती आठ वर्षांची. पूर्वी पोरांना बऱ्याचदा दहा-बारा वर्षांपर्यंत थांबवायचे, १९१० मध्ये दहाव्या पायस पोपनी ते वय सातच्या आसपास आणलं. सगळं समजेपर्यंत पोराला दाराबाहेर ठेवायचं नाही, मला तरी त्यातलं हेच पटतं.

पुढे दुसऱ्या मंडळीत, म्हणजे दुसऱ्या चर्चमध्ये, आम्हाला एक आजी भेटल्या. पहिल्याच रविवारी त्यांनी न विचारता माझ्या पोराला मांडीवर घेतलं आणि कोपरे झिजलेलं गीतांचं पुस्तक त्याच्या हातात दिलं. त्याने ते उलटं धरलं, ओळीखाली बोट फिरवत आ आ करत राहिला, पानाला बिस्किटाची लाळ लागली, आजी आपल्या पाठ असलेलं गाणं म्हणत होत्या. ते पान अजून चिकटलेलंच आहे. आता तो सहा वर्षांचा आहे आणि अर्पणाची थैली आजींबरोबर फिरवतो, एकही बाक चुकवत नाही.

आता मीच संडेस्कूल घेते, अकरा मुलं आहेत. गाणी आणि प्रार्थना आमची सगळ्यांबरोबर, फक्त संदेशाच्या वेळी मागच्या खोलीत जातो, तिथे कायम दोन मोठी माणसं आणि दार उघडं, यात मी कुणाचंही ऐकत नाही, कितीही ओळखीचा माणूस असो. बाप्तिस्म्याच्या वेळी या लेकराला सांभाळाल का असं विचारलं की अख्खी मंडळी उभी राहून हो म्हणते ना, मग ते निभवायचं कुणी?

कालची ती आई शेवटपर्यंत बसली. बाळ माझ्या किल्ल्यांचा जुडगा चघळत आशीर्वादापर्यंत जागं होतं. पुढच्या रविवारसाठी पंख्याखालची कडेची जागा मी तिच्यासाठी धरून ठेवणार आहे.