शंभर दिनार

विळद घाट उतरेपर्यंत धाकटा आमच्या पदयात्रेत आहे हे मला कळलंच नव्हतं. नगरहून अंधारातच निघालो होतो. पुढे क्रूस, मागे मतमाउलीची, म्हणजे मरियामातेची, मूर्ती ठेवलेली फुलांची जीप, मग बायका, मग आम्ही. देहऱ्याच्या अलीकडे उजाडलं आणि माइकवर भजन सुरू झालं. तो आवाज मी झोपेतही ओळखेन. काकाचा धाकटा मुलगा. आमच्या अख्ख्या घराण्यात गळा मिळाला तो या एकाला.

मतमाउलीच्या यात्रेला हरेगावला चालत जाण्याला आमच्यात वारीच म्हणतात. टाळ तेच, ढोलकी तीच, चिखलही तोच. पंढरपूरऐवजी श्रीरामपूरच्या पुढे जायचं, आषाढीऐवजी मरियामातेच्या जन्मदिवसाला, म्हणजे 8 सप्टेंबरच्या आसपास. यात्रेची पंचाहत्तरीही आता होऊन गेली. हे वाचणाऱ्यांपैकी निम्मे कधी ना कधी तिथल्या मंडपात झोपलेले असतील, तेव्हा वर्णन करत बसत नाही.

तर धाकटा. मी त्याला एका पतसंस्थेत जामीन राहिलो होतो. पुढचं नगर जिल्ह्यात कुणाला समजावून सांगायला नको. हप्ते चालू आहेत म्हणाला, नव्हते. नोटीस माझ्या शाळेच्या पत्त्यावर आली, मुख्याध्यापकांनी ती माझ्या टेबलावर उघडी ठेवली आणि तिथून पुढे माझ्या पगारातून कपात. बायकोच्या पाटल्या गेल्या. तेही एक वेळ सोडलं असतं. पण काकूच्या मातीला, सगळे जमलेले असताना, थोरल्या मामांनी त्याला विचारलं तेव्हा तो म्हणाला, "सही दादानं आपल्या मनानं केली. मी कुठं गळ घातली होती?" मी तिथेच उभा होतो. हातात फुलं होती.

आणि आता तोच माणूस माइकवर आईच्या मायेचं भजन म्हणत होता आणि पुढच्या बायका डोळे पुसत होत्या. माझाही घसा दाटून आला, ते वेगळंच. त्याचाच जास्त राग आला.

रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, सुरू झाली की माझी पंचाईत व्हायची. 'नमो मरिये' सरळ जातं. पण दर दहा मण्यांनंतर 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' येतं आणि त्यात ती ओळ येते, अपराध्यांना आम्ही क्षमा करतो तशी. तिथे मी नुसते ओठ हलवत होतो. शेजारचे काका ऐकायला कमी असलेले, त्यामुळे ते माझ्या वाटचंही मोठ्यानं म्हणत होते.

राहुरीत मुक्काम. कवी ना. वा. टिळक आणि लक्ष्मीबाई इथे राहून गेले, असं दरवर्षी कुणीतरी सांगतं आणि दरवर्षी खिचडीत मीठ कमी असतं. रात्री फादरांनी थोडक्यात प्रवचन केलं, बायबलातल्या मत्तयाचा अठरावा अध्याय. शिष्य पेत्र येशूला विचारतो, भावाला किती वेळा क्षमा करू, सात वेळा? उत्तर येतं, सातांच्या सत्तर वेळा. आणि मग त्या चाकराची गोष्ट. राजाचं दहा हजार टॅलेंटचं कर्ज त्याला माफ होतं आणि बाहेर पडल्याबरोबर तो शंभर दिनारांसाठी सोबत्याचा गळा धरतो. लोक माना डोलावतात. मी शाळेत हिशेबाचं काम करतो. एक दिनार म्हणजे त्या काळी मजुराची एका दिवसाची मजुरी. एक टॅलेंट म्हणजे सहा हजार दिनार. दहा हजार टॅलेंट म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी. तो आकडा कुणाच्या बापाला फेडता येणार नाही, तो राजानं सोडला यात नवल काय, वसूल होणारच नव्हता. पण शंभर दिनार? शंभर दिवसांची मजुरी. तीन महिन्यांहून जास्त घर चालतं त्यात. ती रक्कम खरी आहे, म्हणून तर ती सोडवत नाही. प्रवचन करणारे शंभर दिनारांना नेहमी 'किरकोळ' म्हणतात. माझ्या बायकोला विचारा.

सकाळी भुरभुर पाऊस होता. बूट ओले, मोजे ओले. राहुरी फॅक्टरी सोडून आत वळलो आणि ऊन पडलं. सप्टेंबरची उघडीप. दोन्ही बाजूंना उभा ऊस, वारा म्हणून नाही. पुढे शिट्टी वाजवणारा स्वयंसेवक होता, त्याला देवानं शिट्टी का दिली ते देव जाणे. टाचेला फोड आला, मग अंगठ्याखाली, मग दुसऱ्या पायाला. मी पाय वाकडे टाकू लागलो, त्यानं पोटऱ्या धरल्या. भजन पुढे पुढे गेलं. जीपचा भोंगा ऐकू येईनासा झाला. शेवटी एका विहिरीजवळच्या वस्तीपाशी दगडावर बसलो आणि बूट काढले. मोजा निघेना. कातडी त्याला चिकटली होती.

वस्तीवरून एक आजी आली. नऊवारी, गळ्यात तुळशीची माळ, हातात वासराचं दावं.

"हरेगावला? मतमाउलीला?"

"हो आजी."

"आमची सून जाती दर साली मेणबत्ती लावाया." मग तिनं माझे पाय पाहिले. "आरं द्येवा! बस हितं. हात लावू नगं."

मी म्हटलं, फोडून टाकतो, पाणी निघून जाईल. ती म्हणाली, "पंढरीला जाऊन आलेली बाई हाय मी. फोडाचं मला शिकवू नगं."

ती आत गेली. तेवढ्यात रस्त्यानं धाकटा उलटा चालत येताना दिसला. मागे राहिलेल्यांना घेऊन या म्हणून शिट्टीवाल्यानं त्यालाच पाठवलं होतं. त्यानं मला पाहिलं, थांबला, मग सावकाश आला आणि चार हातांवर उभा राहिला. अर्धं टक्कल पडलंय त्याला. माइकवरच्या आवाजात ते दिसत नाही.

आजी कोमट पाण्याचं घमेलं घेऊन आली, त्यात मीठ टाकलेलं. गोधडीची मोठी सुई, दोरा, वाटीत हळद आणि खोबरेल. सुई चुलीतल्या जाळावर धरून आणली होती, टोक काळं झालेलं. तिनं धाकट्याकडे पाहिलं.

"तू कोण ह्याचा?"

तो लगेच बोलला नाही. मला वाटलं आता म्हणेल, असाच, यात्रेतला.

"भाऊ," तो म्हणाला.

"मग हुभा काय ऱ्हायलास? धर पाय."

तो खाली बसला. माझा पाय घमेल्यातून काढून त्यानं मांडीवर घेतला. त्याची पँट भिजली. आजीनं दोऱ्याला तेल लावलं, सुई फोडाच्या एका कडेनं आत घातली, दुसऱ्या कडेनं काढली आणि दोरा आतच ठेवून दोन्ही बाजूंना बोटभर सोडून तोडला. "दोऱ्यावाटं पानी झिरपतं. वरची कातडी काढायची न्हाई, तीच मलमपट्टी." पाणी दोऱ्यावरून उतरून धाकट्याच्या मनगटावर ओघळलं. त्यानं हात हलवला नाही. हे चालू असताना आजी तिच्याच संसाराचं सांगत होती. दोघं लेक वेगळे झाले, विहीर एक, मोटार एक, लाइट येते रात्रीची, पाळीवरून रोज बोंबाबोंब. मधेच वासराला शिव्या. एका फोडाला तिनं जरा खोल टोचलं तेव्हा मी ओरडलो आणि धाकट्यानं घोटा घट्ट धरला, लहानपणी ओढ्यात पोहायला शिकवताना मी त्याचा धरायचो तसा.

शेवटच्या जेवणाच्या रात्री येशूनं शिष्यांचे पाय धुतले, त्यात त्याला पैशांसाठी पकडून देणाऱ्या यहूदाचेही होते. योहानाच्या तेराव्या अध्यायात तो भाकरीचा तुकडा घेऊन बाहेर पडतो ते पाय धुऊन झाल्यावर. आम्ही गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी दरवर्षी बारा जणांचे पाय धुतो आणि यहूदाची आठवण कुणी काढत नाही. मला ती त्या दगडावर आली, पण सगळं उलटं झालेलं. ज्याला हात जोडून उभं राहायला लावायचं मी मनात वर्षानुवर्षं ठरवलं होतं, त्याच्या मांडीवर माझा घाण पाय, आणि तो अंगठ्याच्या नखात अडकलेली मोज्याची दशी काढतोय. असं माझं ठरलेलं नव्हतं. राग कुठे ठेवावा ते कळेना.

आजीनं जुन्या लुगड्याच्या जांभळ्या पट्ट्या फाडून पायांना गुंडाळल्या. कोरा चहा दिला, दूध डेअरीला गेलं होतं. निघताना धाकट्यानं सुई चुकून खिशात घातली होती ती तिनं हात पुढे करून मागून घेतली. "एवढी मोठी सुई गावात मिळत न्हाई."

बूट गळ्यात अडकवून, तिनंच दिलेल्या टायरच्या चपला घालून मी निघालो. धाकटा माझ्या चालीनं चालत होता. बेलापूरच्या अलीकडे, प्रवरेचा पूल दिसायला लागल्यावर, तो बोलला.

"दादा, पाकीट परत का पाठवलंस?"

पाकीट त्यानं आत्याकडून पाठवलं होतं, बरंच मागे. काही पैसे होते, चिठ्ठी नव्हती. ते घेतलं नाही याचं मला आजही काही वाटत नाही. अर्धे घेतले असते तर हिशेब मिटला म्हणून यानं गावभर सांगितलं असतं. तसंच त्याला सांगितलं. तो हूं म्हणाला.

पण पुलावर बायबलातली ती जागा डोक्यात आली. यहूदालाही पस्तावा झाला होता. तीस नाणी घेऊन तो परत गेला, मी पाप केलं म्हणाला. मुख्य याजक म्हणाले, त्याचं आम्हाला काय, तुझं तू पाहा. मग त्यानं नाणी मंदिरात फेकली आणि जाऊन गळफास घेतला. पेत्रही त्याच रात्री रडला. त्यानं तर कोळशाच्या शेकोटीपाशी उभं राहून येशूची ओळखच नाकारली होती. पुढे तिबिर्याच्या सरोवराकाठी तसाच कोळशाचा विस्तव, त्यावर मासळी आणि भाकर तयार, आणि येशू म्हणतो, या, न्याहारी करा. नाकारल्याचा विषयसुद्धा काढत नाही. फक्त तीनदा विचारतो, माझ्यावर प्रीती करतोस का. हे मला कधीच पटलेलं नाही. मी असतो तर आधी विषय काढला असता, मासे नंतर. याजकांचं ते वाक्य मात्र मला कधीच आवडलं नाही, आणि पाकीट परत पाठवताना मी आत्याला काय म्हणालो होतो ते धाकट्यानं तेवढ्यात विचारलं नाही हे बरं झालं.

श्रीरामपूर गर्दीत गेलं. हरेगावात बेलापूर कंपनीच्या बंद कारखान्याकडे बघत म्हातारे नेहमीसारखे हळहळले. मेणबत्त्यांची दुकानं, पाळणे, पोलिसांचे भोंगे, हार घेऊन उभे असलेले हिंदू, ख्रिस्ती, सगळे एकाच रांगेत. मूर्तीपुढे पोहोचलो तेव्हा मागून कुणीतरी ढकलत होतं आणि मी जे मागायचं ठरवून आलो होतो त्यातलं काहीच मागितलं नाही. आजीच्या सुनेच्या नावानं एक मेणबत्ती लावली, आजीचं नाव विचारायचं राहिलं होतं.

मंडपाच्या कडेला फादर खुर्च्या टाकून पापनिवेदन ऐकत होते. धाकटा रांगेत उभा राहिला. मी दुसऱ्या रांगेत. माझी पाळी आली तेव्हा मी फादरांना सरळच विचारलं, क्षमा केली म्हणजे कर्ज बुडालं का? ते तरुण होते, दमलेले होते, म्हणाले, "नाही. घेतलेलं परत करणं हा प्रायश्चित्ताचाच भाग आहे. जक्कय आठवा." जक्कय जकातदार, फसवून घेतलं असेल तर चौपट परत करतो म्हणाला होता. मी तिथल्या तिथे चारनं गुणून पाहिलं. फादरांनी बहुधा ओळखलं. म्हणाले, "चौपट तो स्वतःहून म्हणाला. मागितलं कुणी नव्हतं." आणि मला प्रायश्चित्त म्हणून ती एकच प्रार्थना दिली. एकदाच, सावकाश, मोठ्यानं.

म्हटली. सगळी म्हटली. अंगावर काटा वगैरे आला नाही. पाय ठणकत होते.

धाकटा दोन कागदी ताटल्यांत भजी घेऊन आला. खाता खाता म्हणाला, "महिन्याला पाच हजार देतो दादा."

"किती तारखेला?"

"दहा."

"पाच तारखेला दे. दहाला माझा दुसरा हप्ता असतो."

"बरं. आणि आईच्या मातीला जे बोललो..." त्यानं मंडपाकडे पाहिलं. "संध्याकाळी भजनाला माइक माझ्याकडेच आहे. सगळ्यांपुढं सांगतो."

"माइकवर तू गा," मी म्हणालो. "थोरल्या मामांना फोन लाव. त्या दिवशी त्यांनी विचारलं होतं, त्यांना सांग."

त्यानं तिथेच फोन काढला. गर्दीमुळे रेंज नव्हती. मी म्हटलं, श्रीरामपूर स्टँडवर लागेल, तिथून लाव, मी शेजारी बसतो.