खाड्याची नोंद

बारावीपर्यंत आपल्यावर किती जणांची नजर असते, हे पदवीच्या पहिल्या वर्षाला आल्यावरच कळते. लातुरात अकरावी-बारावी केलेल्या मुलाला तर ते फारच जाणवते. पहाटेचा क्लास, मग कॉलेज, संध्याकाळी पुन्हा क्लास, रविवारी चाचणी आणि चाचणीचे गुण मुलगा घरी पोहोचण्याआधी वडिलांच्या मोबाइलवर, असा सगळा चोख बंदोबस्त असतो. तिथून पुण्यातल्या एखाद्या जुन्या, नावाजलेल्या महाविद्यालयात एफवायला आलेल्या मुलाच्या पहिल्याच आठवड्यात लक्षात येते, की एवढ्या मोठ्या वर्गात आपण मागच्या बाकावर आहोत की नाही, याने कोणाचेच काही अडत नाही. 75 टक्के उपस्थितीचा नियम सूचनाफलकावर असतो खरा. परंतु त्याची आठवण सर्वांना सत्र संपत आल्यावरच होते, आणि तोवर ‘प्रेझेंट सर’ म्हणणारा मित्र प्रत्येकाने गाठलेला असतो.

रुळणे म्हणजे इंग्रजीतली व्याख्याने समजणे, सेमिस्टर आणि क्रेडिटचा हिशेब लागणे, असे प्रवेशाच्या वेळी सगळे सांगतात. ते काही महिन्यांत जमते. माझ्या मते खरी सवय लावून घ्यावी लागते ती आपली चौकशी कोणीही न करण्याची. आणि पेठांमध्ये कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली एक कॉट भाड्याने घेऊन, राहणाऱ्या मुलांना त्या बाबतीत एकच आधार असतो, तो म्हणजे मेस.

सदाशिव पेठेतल्या आमच्या मेसमध्ये दाराशीच एका टेबलावर लांबट वही असे. तिच्यात प्रत्येकाच्या नावापुढे महिन्याच्या तारखांचे चौकोन आखलेले असत आणि ताट घेण्याआधी काका त्या दिवसाच्या चौकोनात निळ्या पेनाने तिरपी रेघ ओढत. गावी जायचे असेल, तर आदल्या दिवशी खाडा सांगावा लागे, आणि तो सलग काही दिवसांचा असेल तरच पैशांतून वजा होई. हा नियम भिंतीवर ऑइलपेंटने लिहिलेला होता; म्हणजे त्यावर चर्चा संभवत नव्हती, हे पुण्यात राहिलेल्यांना वेगळे सांगायला नको. वर्गात मित्र आपली हजेरी लावू शकतो, पण मेसमध्ये तो फार तर आपल्या वाटचे जेवू शकतो, आणि त्यालाही काका तयार नसत.

पहिल्याच पावसाळ्यात मी तापाने खोलीवर पडून होतो. वर्गात कोणी विचारले नाही, आणि त्यात कोणाचा दोषही नव्हता. जरा बरे वाटल्यावर मेसवर गेलो, तर काकू पोळ्या लाटता लाटता म्हणाल्या, ‘‘काय रे, दिसला नाहीस कुठे? खाडाही सांगितला नाहीस. बरं नव्हतं का?’’ आणि आतून मऊ भात व साधे वरण आले. त्या प्रश्नात माया किती होती आणि उरलेल्या पोळ्यांची चिंता किती होती, याचा हिशेब करण्यात मला कधीच रस वाटला नाही.

जेवणाची चव मात्र अंगवळणी पडायला वेळ लागला. आमटीत गूळ ही कल्पनाच आम्हा मराठवाड्यातल्या मुलांना सोसत नसे. त्यामुळे प्रत्येक जण गावाहून बरणी आणी: आमचा ठेचा, सोलापूरकराची शेंगदाण्याची चटणी, कोल्हापूरकराचा खर्डा. ओळखी वर्गापेक्षा या बरण्यांवरूनच अधिक झाल्या. रविवारी दुपारी फीस्ट असे आणि संध्याकाळी मेस बंद. त्या संध्याकाळी भुर्जी-पावाच्या गाडीवर जी गर्दी दिसे, तीत निम्मी मुले पहिल्या वर्षाची असत, आणि घरी फोन लावण्याचीही तीच वेळ असे.

शिकायला आलेल्या मुलाच्या जेवणाचे काय, हा प्रश्न महाराष्ट्रात जुनाच आहे. एके काळी पुण्यात गरीब विद्यार्थी वार लावून जेवत, म्हणजे सात वारांना सात घरी. कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1901 पासून वसतिगृहे उभी करवली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात 1924 मध्ये सुरू केलेल्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुले एकत्र जेवत, आणि त्या मुलांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने, शेवटी मंगळसूत्रही दिले. आमच्या मेसचा व्यवहार अर्थातच रोखीचा होता, आणि तोही आगाऊ रोखीचा; पण मूल शहरात टिकते की गावी परतते, हे ताटाशी ठरते, एवढे त्या मोठ्या माणसांनी फार आधी ओळखले होते.

आता अ‍ॅपवरून जेवण मागवता येते. त्यात खाडा नाही, आगाऊ पैसे नाहीत, रविवारची सुट्टी नाही, आणि सोय म्हणून ते उत्तमच आहे. यंदा माझ्या पुतण्याला पुण्यात प्रवेश मिळाला, तेव्हा मी त्याला आधी मेस लावून दिली आणि पुस्तकांची चौकशी नंतर केली. त्याच्या आईने मेसच्या काकूंचा नंबर मागून घेतला आहे, हे मात्र त्याला अजून सांगितलेले नाही.