महोगनीची खुर्ची : तिसरी नोंद, पाठ उघडताना

या जुन्या खुर्चीच्या दुरुस्तीत मागील नोंदीपर्यंत बैठकीची सुटी चौकट बाहेर काढून झाली होती. या तीन आठवड्यांत पाठ उघडण्यापर्यंत काम आले आहे. यॉर्कशरमधील एका लहानशा लिलावात घेतलेल्या या खुर्चीच्या चिठ्ठीवर ‘चिपेंडेल’ असे लिहिले होते, परंतु तेवढ्याने हुरळून जाण्याचे कारण नव्हते. अठराव्या शतकातील इंग्रज फर्निचर-कारागीर थॉमस चिपेंडेलने १७५४ मध्ये ‘द जेंटलमन अँड कॅबिनेट-मेकर्स डिरेक्टर’ हा नमुनासंग्रह छापला आणि त्यातील गॉथिक, चिनी व फ्रेंच वळणाची रेखाटने इतर कारागिरांच्याही हाती पडली. त्यामुळे खुद्द त्याच्या लंडनमधील कारखान्याचे काम ओळखायचे, तर नॉस्टेल प्रायरी किंवा हेअरवुड हाऊस या हवेल्यांतील सामानाप्रमाणे हिशेबाचे कागद लागतात.

माझी खुर्ची बहुधा एखाद्या गावच्या सुताराने केलेली असावी. पाठीच्या जाळीदार फळीत एकमेकींत गुंफलेल्या टोकदार गॉथिक कमानी आहेत, पाय मात्र साधे, चौकोनी आणि आतली कड तासलेले आहेत. जाळीची सर्वांत बारीक पट्टी जेमतेम ७ मिलिमीटर रुंद असूनही ती कोठे तुटलेली नाही, हा त्या घट्ट लाकडाचा गुण. १७२१ च्या कायद्याने अमेरिकेतील ब्रिटिश वसाहतींमधून येणाऱ्या लाकडावरचे आयातशुल्क उठवले, त्यानंतर जमैकाची महोगनी इंग्लंडमध्ये येऊ लागली आणि हळूहळू अक्रोडाची जागा तिने घेतली.

वयाचा खरा पुरावा मात्र खालच्या बाजूस मिळाला. जाळीची फळी बैठकीच्या मागच्या पट्टीत थेट रुतवलेली नसून त्या पट्टीवर चिकटवलेल्या वेगळ्या ठोकळ्याच्या खोबणीत बसते. नंतरच्या नकलांमध्ये हे दोन्ही भाग पुष्कळदा एकाच लाकडातून काढलेले असतात. पट्टीच्या आतल्या अंगाला पटाशीने मारलेल्या चार उभ्या रेघा आहेत आणि सुट्या चौकटीवरही तशाच चार आहेत. म्हणजे संचातील ही चौथी खुर्ची, आणि चौकट तिची स्वतःचीच.

जुना सरस, म्हणजे जनावरांच्या कातडी-हाडांपासून केलेला गोंद, गरम पाण्याने मऊ होतो, म्हणून मागच्या उजव्या पायाचा सांधा बिनधोक सुटेल अशी माझी अपेक्षा होती. प्रत्यक्षात पूर्वीच्या कोणा दुरुस्ती करणाऱ्याने तेथे पांढरा गोंद ओतून वर स्क्रूही ठोकला होता (यावर अधिक लिहीत नाही). वाफ जास्त वेळ द्यावी लागली. सांधा सुटला, पण वरच्या पॉलिशवर तळहाताएवढा पांढुरका डाग उमटला. हे पॉलिश चपड्याचे, म्हणजे आपल्याकडच्या लाखेचे. इंग्लंडमध्ये ही पद्धत एकोणिसाव्या शतकात रुळली, त्यामुळे मूळ तेल-मेणाचा हात या खुर्चीवरून केव्हाच गेलेला असणार. तरीही दीडेकशे वर्षांचा हा थर खरवडून काढण्याची माझी तयारी नाही. स्पिरिटने किंचित ओलसर केलेली कापडाची पुरचुंडी दोनदा अलगद फिरवल्यावर डाग निम्मा उतरला आहे. तिसरा हात लाकूड आठवडाभर सुकल्यावर देईन आणि मगच नव्या सरसाने पाय बसवीन.