हंबनटोटा: बंदर कुणाचे, वजन कुणाचे

कोलंबोहून श्रीलंकेच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या हंबनटोट्याकडे निघालेला द्रुतगती मार्ग मातारा ओलांडतो तसा नारळीचा पट्टा विरळ होत जातो, काटेरी झुडपांचा कोरडा मुलूख लागतो आणि रस्त्यावर वाहने शोधावी लागतात. मातारा ते हंबनटोटा हा टप्पा 2020 साली चीनच्या एक्झिम बँकेच्या कर्जातून पुरा झाला. गाव मात्र जुन्याच चालीचे आहे: मिठागरे, आणि रस्त्याकडेच्या टपऱ्यांवर मडक्यात विरजलेले म्हशीचे दही. त्यावर आपल्या कोकणातल्या भेरली माडाचा पाक घालून देतात; त्यासाठी तरी वाट वाकडी करावी.

बंदराच्या बाजूला उंच याऱ्या आणि मोटारींच्या लांबच लांब रांगा दिसतात. एका जहाजातून उतरवून दुसऱ्यात चढवण्याचा मोटारींचा धंदा येथे जोरात आहे आणि त्यातला मोठा हिस्सा भारतीय कारखान्यांतून येतो. चिनी कंपनी चालवत असलेल्या बंदराचे पोट असे बऱ्याच अंशी आपल्याच मालावर भरते.

‘कर्ज फेडता आले नाही म्हणून चीनने बंदर घेतले’ ही आपल्याकडे रूढ झालेली गोष्ट मला अपुरी वाटते. बंदराची हौस तेव्हाचे अध्यक्ष महिंदा राजपक्षे यांची होती आणि हा त्यांचा स्वतःचा जिल्हा. पहिल्या टप्प्यासाठी एक्झिम बँकेने 30.7 कोटी डॉलर दिले, व्याज 6.3 टक्के, आणि बांधकामही चिनी कंपन्यांकडेच गेले. 2010 मध्ये बंदर सुरू झाले, पण जहाजे कोलंबोलाच जात राहिली. 2015 मध्ये राजपक्षे हरले; नव्या सरकारने 2017 मध्ये चायना मर्चंट्स या कंपनीशी 112 कोटी डॉलरचा, 99 वर्षे बंदर चालवायला देण्याचा करार केला. त्या पैशातून बंदराचे कर्ज फिटले नाही. परकीय गंगाजळीची खिंडारे बुजवायला तो वापरला गेला, कारण सरकारच्या मानेवर खरे जोखड बाजारातून उचललेल्या रोख्यांचे होते. बंदराच्या कर्जाचे हप्ते सरकारी तिजोरीवरच राहिले.

तेथून जवळच मत्तलाचा विमानतळ आहे. तोही राजपक्षे यांच्याच नावाचा, 2013 मध्ये सुरू झालेला आणि बहुतांशी चिनी कर्जावरच उभा राहिलेला. मध्यंतरी त्याच्या मालगोदामात भात साठवला होता. प्रवाशांची वर्दळ नावालाच असली, तरी आवारातली झाडलोट चोख होती. कर्जाचा सापळा रचला गेला असेलही. पण आत पाऊल टाकणाऱ्याला निवडणुकीच्या फलकावर लावण्यासाठी एक चित्र हवे होते, हे येथे उभे राहिल्यावर चटकन लक्षात येते.

म्हणून चीनचे वजन वाढले नाही, असे मात्र नाही. ऑगस्ट 2022 मध्ये, देश दिवाळखोरीत असताना, ‘युआन वांग 5’ हे उपग्रह व क्षेपणास्त्रांचा माग काढणारे जहाज हंबनटोट्याला यायचे होते. त्याच वर्षी भारताने श्रीलंकेला अब्जावधी डॉलरची मदत केली होती आणि आपल्या सुरक्षेची काळजीही कळवली होती. कोलंबोने आधी भेट लांबणीवर टाकण्याची विनंती केली, नंतर परवानगी दिली, आणि 16 ऑगस्टला जहाज धक्क्याला लागले. बंदरात कोणते जहाज घ्यायचे हा निर्णय कागदोपत्री श्रीलंकेचाच होता; तो घेताना कुणाची नाराजी परवडेल याचा हिशेब करावा लागला, एवढेच.

सरकारे बदलली तरी हा हिशेब बदलत नाही. डाव्या विचारांचे अनुरा कुमारा दिसानायके अध्यक्ष झाल्यावर डिसेंबर 2024 मध्ये आधी दिल्लीला आले, आणि पुढच्याच महिन्यात बीजिंगला गेले असताना सिनोपेक या चिनी सरकारी तेल कंपनीशी 370 कोटी डॉलरच्या तेलशुद्धीकरण प्रकल्पाचा करार झाला. त्यासाठी ठरलेली जागाही हंबनटोट्याचीच आहे.