आमची वाटचाल : हिंगणघाट ते बर्डी

हिंगणघाट तालुक्यातलं आमचं वर्कशॉप जिनिंगच्या गोदामांची आणि कृषी केंद्रांची शटरं करत वाढलं. ती वर्षं सरळ गेली. लिहायचं आहे ते नागपूरच्या बर्डीबद्दल, म्हणजे सीताबर्डीच्या बाजाराबद्दल, कारण तिथल्या एका कॉम्प्लेक्सच्या कामानं वर्कशॉपला कुलूप लागायची वेळ आली होती.

तिन्ही मजल्यांच्या गाळ्यांची शटरं आमच्याकडे होती. १८ गेज, म्हणजे १.२ मिमीची पट्टी, एकाआड एक पट्टीच्या टोकांना क्लिपा. माल बसला, बिल गेलं. रस्त्याकडचे तळमजल्याचे गाळे बांधकाम चालू असतानाच विकले गेले होते. वरचे उघडलेच नाहीत. बर्डीचं गिऱ्हाईक मोदी नंबर दोन-तीनच्या गल्ल्यांतल्या गर्दीत शिरेल, पण जिना चढणार नाही. बिल्डरनं आमचं बिल अडवलं आणि पैशाऐवजी दुसऱ्या मजल्यावरचा मागचा गाळा पुढे केला, तोही सुपर बिल्टअपच्या, म्हणजे जिना-व्हरांड्याचा वाटा धरलेल्या, मापानं. इकडे जीएसटी बिल फाडल्यावर पुढच्या महिन्याच्या २० तारखेला भरावाच लागतो, पैसे येवोत न येवोत. पत्रेवाल्याची उधारी वेगळी. गाळा आम्ही नाकारला. भाड्यानं न जाणाऱ्या गाळ्याचाही मालमत्ता कर आणि मेन्टेनन्स मालकालाच भरावा लागतो. आजही नाकारूच.

त्याच काळात शहरातल्या एका फॅब्रिकेटरनं चौरस फुटामागे भाव पाडून आमची कामं नेली. त्याची पट्टी २२ गेज, जेमतेम ०.७ मिमी, आणि क्लिपा गायब. क्लिप नसली की पट्टी बाजूला सरकते, गाइडला, म्हणजे शटर ज्यातून सरकतं त्या बाजूच्या खाचेला, घासते, शटर अर्ध्यात अडतं. दुकानदार ते पायानं दाबून खाली आणतो, मग बॉटम प्लेट वाकते. दोष स्प्रिंगला लागतो. स्प्रिंग शाबूत असते. याचा राग आमच्या मनातून अजून गेलेला नाही.

तेव्हा मेन रोडवरचे एक साडीवाले शेटजी उभे राहिले. दुसऱ्या दुकानाच्या शटरची पूर्ण रक्कम आगाऊ दिली. म्हणाले, "भाऊ, आधी पत्रा आणा, काम मागून करा." त्यांच्या शटरचा ताण अजून आम्ही स्वतः जाऊन पाहतो. कमरेच्या उंचीवर हात सोडला की शटर तिथंच थांबलं पाहिजे. वर उडालं तर ड्रमला, म्हणजे शटर गुंडाळणाऱ्या वरच्या नळीला, स्प्रिंगचा फेरा जास्त झाला, खाली बसलं तर कमी पडला. गाइडमध्ये जळकं ऑइल ओतू नये, धूळ धरतं.

बर्डी-धरमपेठेत गाळा बघणाऱ्यांनी टेप सोबत न्यावा. १० बाय ३० आणि १५ बाय २० दोन्ही ३०० फूटच, पण रस्त्यावर १५ फूट तोंड असलेल्याला भाडं जास्त पडतं आणि ते परवडतंही. माप गाइडच्या आतून घ्या. दहा फुटांच्या तोंडात गाइड दोन्ही बाजूंनी तीन-तीन इंच खातात. वर गुंडाळीला सव्वा-दीड फूट लागतो. बीम खाली असेल तर तेवढी बोर्डाची जागा गेली. १५ बाय ८ चं शटर अकरा चौरस मीटर भरतं, आणि दहाच्या वर गिअर-साखळीच हवी. हातानं ओढायचं बसवलं तर स्प्रिंग लवकर तुटते.

विकत घेताना कार्पेट एरियावरच, म्हणजे भिंतींच्या आतल्या वापराच्या जागेवरच बोला, बिल्डरांवर लक्ष ठेवणारं महारेरा २०१७ पासून आहे. भाड्यानं घेताना दर वर्षी ५ टक्के वाढ साधी वाटते, तीन वर्षांत ती पावणेसोळा टक्क्यांवर जाते. तीन वर्षांनी एकदम १५ टक्के वाढ भाडेकरूला बरी. करार नोंदवाच. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नं नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे, आणि लिव्ह-लायसन्सला मुद्रांक पाव टक्काच लागतो.

बिल्डरकडून बाकी तुकड्या-तुकड्यानं निघाली, थोडी अजून अडकली आहे. आता आमच्याकडे निम्मी रक्कम ऑर्डरसोबत, चाळीस टक्के माल साइटवर उतरल्यावर, आणि उरलेले दहा टक्के आल्यावरच स्प्रिंगला ताण देतो.